जुना फोन, एक फळी आणि थोड्या काड्या

सुट्टी लागली की शीळफाट्यापासून पलावापर्यंतच्या घरांत एक मागणी हमखास येते: मला खेळण्यांची माणसं चालतानाचा व्हिडिओ बनवायचाय. म्हणजे स्टॉप मोशन: वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो ओळीने चालवायचे. मूल यूट्यूबवर बघून आलेलं असतं, आणि पाठोपाठ यादीही येते. ट्रायपॉड, रिंग लाइट, माइक, जमलंच तर नवा फोन. यावर घरातले मोठे दोनपैकी एक उत्तर देतात. एक तर 'हे आपल्या आवाक्यातलं नाही', नाहीतर 'त्यात काय, ॲप सगळं करतं'. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

'चांगला कॅमेरा लागतो' हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. फुल एचडी व्हिडिओची एक चौकट 1920 गुणिले 1080 ठिपक्यांची, म्हणजे जेमतेम 2 मेगापिक्सेलची असते. कपाटात पडलेला, सिम काढलेला जुना फोनसुद्धा याहून जास्त टिपतो. (बॅटरी फुगली असेल तर मात्र तो मुलाच्या हातात देऊ नका.) फोन किती भारी आहे याने काही बिघडत नाही. तो जागचा हलला की सगळं बिघडतं.

आणि हलण्याच्या बाबतीत आपला भाग जरा खोडसाळच आहे. कल्याणचा रस्ता, मुंब्रा-पनवेलचा रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता जिथे एकत्र येतात, त्या शीळफाट्यावर कंटेनर आणि ट्रेलर सतत ये-जा करतात. रस्त्यालगतच्या घरात हलकं घडीचं टेबल असेल तर त्यावरचा मातीचा माणूस थरथरतो आणि बारीक पायांवर उभा असेल तर सरळ आडवा होतो. लोक यावर महागडा ट्रायपॉड आणतात. पण ट्रायपॉड जमिनीवर आणि खेळणी टेबलावर असतील, तर टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का फोटोत दिसणारच. त्यापेक्षा एक फळी किंवा जुन्या कपाटाचं दार घ्या आणि ते थेट फरशीवर ठेवा. त्याच फळीवर एका टोकाला पुस्तकांच्या थप्पीत अडकवलेला फोन आणि दुसऱ्या टोकाला देखावा, दोन्ही चिकटपट्टीने पक्के करा. आता धक्का लागला तरी फोन आणि देखावा एकत्रच सरकतात, त्यामुळे फोटोत फरक दिसत नाही. फोटो काढताना पडद्यावर बोट लावणंही टाळता येतं. बऱ्याच फोनमध्ये वायरच्या इअरफोनवरचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो.

उजेडाबद्दलचा गैरसमज वरवर शहाणपणाचा वाटतो: खिडकीतला उजेड फुकट आणि उत्तम. एका फोटोसाठी ते खरंच आहे. पण शंभर फोटो काढायला दुपार जाते, आणि तेवढ्यात ऊन सरकतं, ढग येतात. व्हिडिओ चालवला की चित्र लुकलुकताना दिसतं. पडदा ओढून घरातला साधा एलईडी दिवा एका बाजूने लावावा, बस. एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे छताचा पंखा. दिवा पंख्याच्या वर किंवा शेजारी असेल तर पात्यांची सावली प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडते, आणि कागदाची पात्रं वाऱ्याने उडतात ती वेगळीच. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणं क्रूरपणाचं आहे, म्हणून दिवा पंख्याच्या खाली, टेबललॅम्पसारखा ठेवावा आणि कागदामागे दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावावा. मुलाने शक्यतो गडद कपडे घालावेत, पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेडही चित्रात उतरतो.

एवढं करूनही लुकलुक राहिली तर दोष फोनच्या हुशारीचा. प्रत्येक फोटोला तो उजेड आणि फोकस नव्याने ठरवत असतो. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की दोन्ही कायम होतात.

सेकंदाला 24 फोटो काढावे लागतात हे अर्धसत्य आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, पण स्टॉप मोशनचे व्यावसायिक कलाकारही बऱ्याचदा एकच फोटो दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला 12. मुलांना 10 पुरतात. 15 सेकंदांच्या गोष्टीला 150 फोटो, एका रविवारचं काम.

ॲप सगळं करतं म्हणणाऱ्यांसाठी आता खरा मुद्दा. स्टॉप मोशन स्टुडिओसारखी ॲप फुकट आवृत्तीतही फोटो ओळीने लावतात, आणि आधीच्या फोटोची फिकट छाया पडद्यावर दाखवण्याची सोय अशा ॲपमध्ये असते. वस्तू किती सरकवायची, हे मात्र मुलालाच ठरवावं लागतं. नवशिकं मूल खेळण्यातली गाडी प्रत्येक फोटोला बोटभर पुढे ढकलतं, आणि गाडी चालण्याऐवजी उड्या मारते. तिला निघताना आधी 2 मिलिमीटर, मग 4, मग 8, मग सेंटिमीटरभर सरकवा आणि थांबताना हेच उलट्या क्रमाने करा. गाडीला एकदम वजन येतं. माणूस दचकणार असेल तर त्याआधी त्याला पाच-सहा फोटो अजिबात न हलवता उभा ठेवा. हे समजायला मुलाला एकच फसलेला व्हिडिओ पुरतो, म्हणून तो पहिला व्हिडिओ तुम्ही सुधारून देऊ नका.

साहित्याबाबत दोन उलटसुलट समजुती आहेत. एक, लेगोच हवेत. दुसरी, कुठलीही माती चालते. गणपतीची उरलेली शाडूची माती बहुतेक घरात निघते, पण ती वाळते आणि हात वाकवायला गेलं की तडकते. कणीक रात्रीत खाली बसते, शिवाय मुंग्या लागतात. स्टेशनरीच्या दुकानातली तेलकट रंगीत माती, म्हणजे प्लॅस्टिसिन, वाळत नाही. विल्यम हारबट या कलाशिक्षकाने ती इंग्लंडमधल्या बाथ गावी 1897 मध्ये तयार केली ती शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी. उकाड्यात ती फार मऊ पडली तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी.

पण माती नसली तरी अडत नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, कुंडीत वाटाणा पेरून 'अंकुराची वाढ' टिपली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. याला बरेच जण स्टॉप मोशन म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. तिथे रोप आपलं आपण वाढत होतं, कुणी ते हलवत नव्हतं, म्हणून तो टाइमलॅप्स. मात्र पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काड्या खरोखर हाताने मांडून हलवलेल्या होत्या. काडेपेटीतल्या काड्या! मुलाला द्यायच्या तर गुल काढून, नाहीतर सरळ आइस्क्रीमच्या काड्या. ईशू पटेल यांनी कॅनडात 1977 मध्ये केलेल्या 'बीड गेम' या ॲनिमेशनपटात फक्त मणी आहेत, आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. मणी, डाळी, बटणं जमिनीवर पसरून वरून फोटो काढायचे असतील तर सारख्या उंचीचे दोन स्टीलचे डबे आणि त्यांवर आडव्या दोन पट्ट्या ठेवा, फोन मधल्या फटीवर झोपवा. यात पात्र पडायची भीतीच नाही, आणि उडणारा पक्षी दाखवायला दोराही लागत नाही.

मुलांना धीर नसतो असं म्हणतात. निक पार्क यांनी 'अ ग्रँड डे आउट' ही मातीच्या पात्रांची स्टॉप मोशन फिल्म 1982 मध्ये विद्यार्थी असताना सुरू केली आणि ती पूर्ण झाली 1989 मध्ये, लांबी अर्ध्या तासाहून कमी. तेव्हा पाच मिनिटांची परीकथा मुलाने अर्ध्यात सोडली तर त्याच्या धीराला नावं ठेवण्यात अर्थ नाही, गोष्ट लांब होती. लाडू पळतो, मांजर खातं. इतकी पुरे.

आवाजासाठी माइक नको, फोनचा रेकॉर्डर आणि स्वयंपाकघर पुरतं. सिनेमातलं गाणं लावून यूट्यूबवर टाकलं तर हक्काचा दावा येऊ शकतो. आणि नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली गेल्यामुळे बारीक काड्या धूसर होतात. मूळ फाइल मात्र त्या जुन्या फोनवर एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्या.