विश्लेषण : गाडीखाली थेंबही नाही, मग कूलंट जाते कुठे?

दहा-बारा वर्षे जुन्या गाडीच्या कूलंटची पातळी दर पंधरवड्याला ‘मिन’च्या खाली जाते, पार्किंगच्या फरशीवर मात्र डाग नसतो. बहुतेक जण बाटलीत नळाचे पाणी ओततात आणि गाडी पुढे काढतात. गॅरेजमध्ये विचारले, की ‘हेड गॅसकेट गेले’ हे उत्तर तयार असते. निदान चुकले तर हजारो रुपये जातात आणि कूलंट कमी होणे थांबत नाही. दुर्लक्ष केले तर कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर इंजिनच बसते.

कूलंट आपोआप आटते का?

नाही. ही बंद यंत्रणा आहे. धडधाकट गाडीत महिनोन्‌महिने पातळी जवळपास स्थिर राहते. अपवाद एकच. नुकतेच कूलंट बदलले असेल, तर आत अडकलेली हवा बाहेर पडून पातळी एकदा खाली येते. तीच पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर पडते आहे.

पातळी सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी असतानाच पाहावी. गरम कूलंट प्रसरण पावते, त्यामुळे संध्याकाळचे माप फसवे असते. बाटलीवर चिकटपट्टी लावून खूण केली आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला, तर गळतीचा वेग कळतो. मेकॅनिकला ही नोंद फार उपयोगी पडते.

फरशी कोरडी का राहते?

इंजिन तापले की यंत्रणेत साधारण एक बारचा दाब तयार होतो. या दाबामुळे शंभर अंशांच्या वरही पाणी उकळत नाही. पण बारीक भेग असेल, तर कूलंट नेमके याच वेळी, म्हणजे गाडी धावत असताना बाहेर फेकले जाते आणि गरम धातूवर पडून वाफ होऊन जाते. गाडी घरी येऊन थंड झाली, की दाब उतरतो आणि गळतीही थांबते. मागे उरतो तो वाळलेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर. टॉर्च घेऊन तो होज पाइपांच्या क्लिपांजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या सांध्यावर आणि वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रापाशी शोधावा. पंपाचे सील झिजले, की याच छिद्रातून कूलंट पाझरते.

सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्यात दोन झडपा असतात. एक जास्तीचा दाब बाटलीकडे सोडते, दुसरी थंड झाल्यावर तेच कूलंट परत आत घेते. झाकणाची स्प्रिंग सैल पडली, की कूलंट लवकर उकळून बाटलीतून ओसंडते. दुसरी झडप अडकली किंवा बाटलीची नळी चिरली, तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, अशी विचित्र अवस्था होते. म्हणूनच फक्त बाटली पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. नवे झाकण काही शे रुपयांत मिळते, मात्र त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नये, वाफेने चेहरा-हात भाजतात.

केबिनमध्ये गळती होत असेल तर?

डॅशबोर्डमागे हिटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळू लागला, की पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचे कार्पेट ओले होते, काचेवर तेलकट धुके धरते आणि गोडसर वास येतो. एसीचे पाणी तुंबूनही कार्पेट भिजते, पण त्याला रंग किंवा वास नसतो. चव घेऊन पाहू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकोल गोड असले तरी विषारी आहे, सांडलेले कूलंट चाटून कुत्री-मांजरी दगावतात.

हेड गॅसकेट गेले, हे कसे ओळखायचे?

इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे आणि चालू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसणे, ही ठळक लक्षणे. ऑइलच्या झाकणाखालची पिवळट साय मात्र पुरेसा पुरावा नाही. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या निरोगी गाडीतही ती साचते. काही डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर फुटूनही कूलंट जळते आणि दोष गॅसकेटवर येतो.

त्यामुळे हेड उतरवण्याची परवानगी देण्याआधी दोन चाचण्यांचा आग्रह धरावा. पहिली, प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहायचा. काटा उतरला, तर गळती आहे. ती बाहेर कुठेच दिसली नाही, तर संशय इंजिनच्या आत जातो. दुसरी, रेडिएटरमधील हवा निळ्या रसायनातून ओढण्याची चाचणी. रसायन पिवळट किंवा हिरवट झाले, तर सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये मिसळतो आहे.

तोवर काय करू नये?

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुगाड किंवा गळती बुजवणारी पावडर ही रस्त्यात अडकल्यावरची सोय आहे. रोजच्या वापरात ती हिटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बोअरवेलच्या पाण्याने क्षार साचतात. तापमानाच्या काट्यावरही पूर्ण विसंबू नये. कूलंट पार संपले, की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. वाटेत गाडी तापली, तर ती थांबवून इंजिन बंद करावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

गॅसकेट खरोखर गेले असेल, तर केवळ नवे बसवून भागत नाही. तापून वाकलेले हेड मशीन शॉपमध्ये तपासून फेसिंग करून घ्यावे लागते. हा टप्पा वगळलेल्या गाड्या पुन्हा त्याच तक्रारीसाठी गॅरेजमध्ये परततात.