गोष्ट स्पर्धेला पाठवताना

आम्ही तिघी-चौघी महिन्यातल्या एका रविवारी भंडाऱ्यात एकीच्या घरी जमतो. जुहरनंतर बसायचे, असरच्या आत उठायचे, एवढाच नियम. एक मराठीची निवृत्त शिक्षिका, एकीचे शिलाईकाम, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. सुरुवात झाली ती आपण स्वतः गोष्टी लिहाव्यात म्हणून. आता ओळखीपाळखीची मुले-मुली वह्या घेऊन येतात आणि आमच्या गोष्टी मागेच पडतात. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोला.

गेल्या पावसाळ्यात पवनीकडची एक मुलगी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइल पुढे करून म्हणाली, "आपा, माझी गोष्ट निवडली गेली." आम्ही वाचले. राज्यस्तरीय स्पर्धेतून तिची कथा प्रातिनिधिक संग्रहासाठी घेतली होती. सहभाग शुल्क ८०० रुपये, त्यात पुस्तकाच्या दोन प्रती, प्रमाणपत्र आणि सन्मानचिन्ह. पैसे तीन दिवसांत भरायचे. तिच्या अब्बांनी भिशीच्या हप्त्यातून ८०० रुपये काढून दिलेही होते.

आमच्यात वाद झाला. एक म्हणाली, भरू दे, छापलेले नाव बघून बापाला जो आनंद होईल त्याची किंमत कोण करणार? दुसरीने काही न बोलता आतून एक पुस्तक आणले. पाच-सहा वर्षांपूर्वी तिनेही असेच ५०० रुपये भरले होते. पुस्तक अकरा महिन्यांनी आले. त्यात शंभरावर लेखक, प्रत्येकाला दीड-दोन पाने, तिच्या गोष्टीचा शेवटचा परिच्छेद गायब आणि नावापुढे आडनाव भलत्याचेच. ते पुस्तक कुठल्याही दुकानात तिला दिसले नाही. लिहिणाऱ्यांनीच पैसे भरले आणि लिहिणाऱ्यांनीच प्रती घेतल्या. मुलीने ते उलटेपालटे करून पाहिले आणि मोबाइल पिशवीत ठेवला.

शुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. टपाल, छपाई, परीक्षकांचे मानधन यांना पैसा लागतो, आणि प्रामाणिकपणे शंभर-दोनशे रुपये घेणाऱ्या लहान संस्थाही असतात. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. परीक्षक कोण आहेत? मागच्या वर्षीचा निकाल कुठे जाहीर झाला? ज्यांना पहिले बक्षीस मिळाले त्यांची गोष्ट कुठे वाचायला मिळेल? उत्तर नीट आले तर विचार करावा. आणि शुल्क निवड झाल्यावर मागितले जात असेल, तर ती निवड कशाची झाली हे स्वतःशी ताडून पाहावे.

हक्कांचे तर कुणी विचारतच नाही. स्पर्धेच्या नियमांत खाली बारीक अक्षरात 'सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असे असते आणि आपण टिचकी मारून मोकळे होतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याप्रमाणे गोष्ट लिहिणाराच तिचा पहिला मालक. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. शिलाईवाल्या आमच्या मैत्रिणीने हे ऐकून विचारले, मग माझ्या त्या गोष्टीचे काय? तिने कशावरही सही केलेली नव्हती. गोष्ट तिचीच आहे. शेवटचा परिच्छेद जोडून तिने ती पुन्हा नीट लिहून काढली.

आता गोष्टी लिहायला विषय कुठून आणायचा, हा दुसरा प्रश्न. मोबाइलवरच्या गटांत रोज सकाळी एक चित्र किंवा एक शब्द येतो आणि रात्री नऊपर्यंत त्यावर 'अलक', म्हणजे अतिलघुकथा, लिहून टाकायची असते. कुठे शंभर शब्दांचे बंधन. मुलांना हे नवे वाटते, पण महाराष्ट्रातला प्रत्येक शाळकरी मुलगा यातून गेलेला आहे. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, अपुरी गोष्ट पूर्ण करा, दिलेल्या शब्दांवरून गोष्ट तयार करा: दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतले कथालेखन दुसरे काय असते? आमच्या शिक्षिकाबाईंनी असे हजारो कागद तपासले. त्या म्हणतात, मुले गोष्ट चांगली सुरू करतात, पण शीर्षक आणि तात्पर्य लिहायची सवय हाडात मुरते. मग कॉलेजात गेल्यावरही शेवटच्या ओळीत सगळे पात्र सुधारते, दारूडा बाप दारू सोडतो आणि सून सासूच्या गळ्यात पडते. आपल्या घरांतली मुले लिहितात तेव्हा त्याच्या जोडीला एखादी नसीहत येते. नसीहत वाईट नाही, तिची जागा वेगळी आहे.

दिलेल्या विषयावर लिहिणे हलके काम समजू नये. १८१६ सालच्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकून पडलेल्या मंडळींना कवी बायरनने सुचवले की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. त्यातल्या अठरा वर्षांच्या मेरीने जे लिहायला घेतले त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' झाली. ती १८१८ साली छापून आली. स्पर्धेचेही तसेच. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून या वर्तमानपत्राच्या जागतिक कथास्पर्धेत १९५२ साली दुसरे बक्षीस तेलुगूतल्या पालगुम्मी पद्मराजूंच्या 'गालिवाना', म्हणजे वादळ, या कथेला मिळाले. वादळाच्या रात्री एका रेल्वे स्टेशनावर एक तत्त्वनिष्ठ गृहस्थ आणि एक भिकारीण, एवढीच माणसे. आंध्रातल्या स्टेशनावरची गोष्ट तिकडे पोचली, मग तुमसर रोडच्या स्टेशनावरची का पोचू नये, असे आम्ही मुलांना विचारतो. मुले हसतात.

आम्ही विषय देतो ते जिल्ह्यातले. भंडारा पितळी भांड्यांचे गाव. पूर्वी भांड्यावर नाव कोरून घ्यायचे. कुणी दिले, कुणाला दिले, कोणत्या साली. आमचा पहिला विषय होता: तुमच्या घरात असे एक भांडे आहे ज्यावरचे नाव तुमच्या घरातल्या कुणाचेच नाही. बारा जणांनी लिहिले आणि बाराही गोष्टी वेगळ्या निघाल्या. एकाने चोरी लिहिली, एकीने फाळणी, एकीने गहाण ठेवून न सोडवलेला हंडा. सर्वांत चांगली गोष्ट कल्हईवाल्याच्या नातवाची होती. त्याचे दादा गावोगाव भाता घेऊन फिरायचे, आणि कल्हई करून ठेवलेला एक डबा घ्यायला मालकीण पुन्हा आलीच नाही. दादा तो डबा वर्षानुवर्षे दर ईदला घासून ठेवत राहिले. मुलाने एवढेच लिहिले आणि थांबला. ती का आली नाही, ते त्याने सांगितले नाही. आमच्यात एकीला ते अपुरे वाटले. बाकीच्यांना नाही.

दुसरा एक विषय विडीचा. आपल्या कितीतरी घरांत बायका सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन बसतात, मजुरी हजारावर मिळते आणि ठेकेदार त्यातल्या कच्च्या विड्या काढून बाजूला टाकतो. विषय दिला: आज हजारात २५ कमी भरल्या. म्हणजे एक कट्टा. यावर लिहिताना मुलींना हिशेब मांडावा लागला, आणि हिशेब मांडला की रडगाणे आपोआप कमी होते. प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) आम्ही याच कारणासाठी वाचून दाखवतो. हामिदच्या खिशात तीन पैसे आहेत, तीनच. ते आकडे काढून 'गरीब बिचारा मुलगा' एवढेच ठेवले असते तर चिमटा विकत घेताना आपला जीव कशाला वरखाली झाला असता? आणि ईदची, दादीची, चुलीवर भाजणाऱ्या बोटांची ती गोष्ट लिहिणारा मुसलमान नव्हता, हेही मुलांना सांगावे लागते. शेजारच्या घराकडे नीट पाहिले असेल तर लिहिता येते.

भाषेवरून मात्र आमची भांडणे मिटलेली नाहीत. एका मुलाच्या गोष्टीत म्हातारी नानी नातवाला विचारते, "बाळा, तू कोठे निघाला आहेस?" आम्ही म्हटले, तुझी नानी असे बोलते? तो म्हणाला, ती म्हणते, "किधर निकला रे?" पण स्पर्धा मराठीची आहे ना. मग आम्ही त्याला सांगितले, नानीला तिच्याच तोंडाने बोलू दे, वाचणाऱ्याला कळते. शिक्षिकाबाईंचे मत थोडे वेगळे: पानभर हिंदी संवाद झाले तर परीक्षक गोष्ट बाजूला ठेवेल, म्हणून दोन-चार वाक्ये तशी ठेवावीत आणि बाकी निवेदनात घ्यावे. दोघींचेही बरोबर असावे. पण बांधी, पऱ्हे, रोवणी हे शब्द बदलून 'शेत, रोपे, लावणी' करू नयेत यावर आमचे एकमत आहे. साकोली-लाखनीकडे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी उभे आयुष्य घातले, शब्दकोश केला, संमेलने उभी केली. आपण त्याच धानाच्या देशात राहून पुण्याची म्हातारी कशाला लिहावी?

आणखी एक अडचण आहे, ती आपल्या नावांची. आमच्यातल्या एकीची गोष्ट हरवलेल्या बकरीवर होती. संध्याकाळभर आई आणि मुलगी बकरी शोधतात आणि त्या शोधात दोघी कितीतरी दिवसांनी एकमेकींशी बोलतात. स्पर्धेत बक्षीस नाही मिळाले, त्याचे काही नाही. पण परीक्षकांचा शेरा आला की 'मुस्लिम स्त्रीचे प्रश्न यात आलेले नाहीत.' म्हणजे आम्ही लिहिले की तलाक, दंगल नाहीतर बुरखा यायलाच हवा काय? उलट, गोष्टीत घरातले खरे भांडण आले की आपलीच माणसे म्हणतात, घरची गोष्ट बाहेर कशाला? या दोन्हींच्या मध्ये लिहिणाऱ्याला उभे राहावे लागते. हमीद दलवाई यांची पुढची मते आपल्यातल्या पुष्कळांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण 'लाट' या १९६१ च्या संग्रहातल्या कथा वाचल्या की मराठीत कोकणातले मुसलमान घर कसे दिसते ते समोर येते. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून कवी पुष्कळ झाले. कथा लिहिणारे त्या मानाने थोडे. कवितेला एक संध्याकाळ पुरते, कथेला महिना लागतो आणि महिनाभर एकांत कुणाच्या घरात मिळतो? आमच्यातली एक तर पहाटे फजर आणि मुलांच्या डब्यांमध्ये जो पाऊण तास सापडतो त्यात लिहिते.

पाठवायचे कुठे, तर दिवाळी अंकांकडे नजर ठेवावी. मराठीत ही प्रथा 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली सुरू केली आणि अजून कथेला सर्वांत मोठी जागा तिथेच मिळते. काही अंक स्पर्धा घेतात, मुदत बहुधा उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला संपते. दिवाळी तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे, त्यांचे 'युगवाणी' आहे. शाळकरी मुलांनी बालभारतीचे 'किशोर' पाहावे. शब्दमर्यादा पाळावी, दोन हजार म्हटले असता तीन हजार पाठवणाऱ्याची गोष्ट न वाचता बाजूला पडते, आणि ते योग्यच आहे. टंकलेखन युनिकोडमध्ये करावे. एकच गोष्ट एकाच वेळी चार ठिकाणी धाडू नये. स्वतःजवळ प्रत ठेवावी, हे सांगायची गरज पडू नये. पण आमच्याकडे एक मुलगा एकुलती एक वही पोस्टात टाकून आला होता.

पवनीकडच्या त्या मुलीने ८०० रुपये भरले नाहीत. अब्बांनी ते परत भिशीत घातले. तिची गोष्ट गोसीखुर्दची होती. वैनगंगेवरच्या त्या धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हातून झाली, म्हणजे तिच्या जन्माच्या किती आधी. पहिल्या खर्ड्यात गाव उठते, सगळे रडतात आणि शेवटी नव्या वसाहतीत विकासाची पहाट उगवते. आम्ही तिला एकच विचारले: गाव हलले, घरे हलली, कब्रस्तानाचे काय झाले? ती गप्प बसली. दोन महिन्यांनी दुसरा खर्डा आला. त्यात एक नानी आहे. नानांची कबर निंबाच्या झाडापासून किती पावलांवर, हे तिने पूर्वीच मोजून ठेवलेले आहे. आता झाड नाही, सगळीकडे पाणी आहे. शब-ए-बरातला ती पाण्याच्या काठाशी उभी राहते आणि पावले कुठून मोजायची हे तिला कळत नाही. मग ती नातीला विचारते, निंब कुठे होता गं? आणि नातीने तो निंब कधी पाहिलेलाच नाही.

ही गोष्ट तिने शुल्क नसलेल्या एका स्पर्धेला पाठवली. निकाल आला, तिचे नाव नव्हते. ती रविवारी आली तेव्हा आम्ही चहा केला आणि गोष्ट पुन्हा मोठ्याने वाचायला लावली. ज्यांचे घर होते त्यांच्या सासूबाई आतल्या खोलीत तसबीह घेऊन पडल्या होत्या. त्या उठून दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, पावले मोजायची तर कबरीपासून नाही, मशिदीच्या पायरीपासून मोजतात, झाड पडते. मुलीने ते वहीच्या कडेला लिहून घेतले. तिसरा खर्डा ती रमजानच्या आधी आणणार आहे.