ब्राउझर एवढी मेमरी खातो तरी कशाला?

आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता अहेरीला जातो, एक सिरोंच्याला, एक भामरागडकडे. दहावी-बारावीचे निकाल लागले की या रस्त्यांवरच्या गावांतली पोरं दाखल्यांसाठी सेवा केंद्रावर गर्दी करतात. केंद्रातल्या लॅपटॉपवर ‘आपले सरकार’ उघडलेलं असतं, शेजारी महाडीबीटी, त्याच्याशेजारी सातबारा. व्हॉट्सअ‍ॅप वेब तर हवंच, कारण निम्मे कागद तिथूनच येतात. दुपारपर्यंत टॅब इतके बारीक होतात की नावंसुद्धा दिसत नाहीत. मग माउस हलवला तरी बाण जागचा हलत नाही. ‘हँग झालं’ म्हणत कुणीतरी सगळंच बंद करून टाकतं.

पण बंद करण्याआधी आत डोकावून पाहिलंय कधी? तिथं जे चाललेलं असतं, ते पाहून थक्क व्हायला होतं.

आधी रॅम घेऊ. ८ जीबीच्या रॅममध्ये ६,८७१ कोटी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विजेचा अगदी सूक्ष्म भार. भार असेल तर १, नसेल तर ०. गंमत अशी की हा भार टिकत नाही, गळत राहतो. म्हणून प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो, तोही साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत. म्हणजे तुम्ही नुसते स्क्रीनकडे बघत बसलात, तरी ६,८७१ कोटी कप्पे सेकंदाला पंधराएक वेळा रिकामे होता होता पुन्हा भरले जात असतात, आणि एकही बिट सहसा चुकत नाही! एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढ्यावर भागवणारी ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट त्यांना १९६८ साली मिळालं.

एवढे कप्पे असून पुरत का नाहीत? आपल्याला वाटतं, वेबपेज म्हणजे थोडा मजकूर आणि दोन-चार चित्रं. मजकुराला खरंच जागा लागत नाही. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. त्या हिशेबानं नऊ हजारांवर ओव्यांची अख्खी ज्ञानेश्वरी दोन एमबीच्या आसपास बसते. आणि तुमचा एकच टॅब सहज दोनशे एमबी घेऊन बसलेला असतो!

चित्रांपासून सुरुवात करू. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणी एक कागद ए-४ आकारात, ३०० डीपीआयवर स्कॅन केला. फाइल भरली काहीशे केबीची. पण ती दाबून बांधलेली फाइल आहे, तशीच्या तशी पडद्यावर दाखवता येत नाही. ब्राउझरला तिचा प्रत्येक ठिपका सुटा करावा लागतो. आडवे २,४८०, उभे ३,५०८, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके. रंगीत ठिपक्याला ४ बाइट धरले तर झाले सुमारे ३५ एमबी. एका कागदाचे! ‘साइज कमी करा’ म्हणून आपण फाइलचे केबी उतरवतो, पण ठिपक्यांची संख्या तीच राहिली तर रॅममधलं ओझं तसूभरही कमी होत नाही. बरं, ब्राउझरही हुशार आहे. चित्र नजरेआड गेलं की त्याचे सुटे ठिपके तो टाकून देऊ शकतो आणि परत वर सरकवलं की पुन्हा सोडवतो.

दुसरा खर्च आहे टॅबांमधल्या भिंतींचा. २००८ सालच्या सप्टेंबरात क्रोम आला तोच एक धाडसी कल्पना घेऊन. तोवर बहुतेक ब्राउझर म्हणजे एकच प्रोग्रॅम, एक पान कोसळलं की सगळी पानं गेली. क्रोमनं टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे सुट्या चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवले. एक मेला तर बाकीचे जिवंत. मग जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ नावाचं दुखणं जगासमोर आलं. प्रोसेसर पुढचं काम अंदाजानं आधीच करून ठेवतात, त्या सवयीचा फायदा घेऊन एका साइटचा कोड त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटची गुपितं वाचू शकेल, असं दिसून आलं. उपाय काय? प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस. क्रोमनं त्याच वर्षी हे संगणकांवर सरसकट लागू केलं आणि त्यापायी मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागते, हेही सांगून टाकलं.

थोडं थांबून विचार करा. शेजारच्या टॅबमध्ये कसलीशी फुकट सिनेमांची साइट उघडी आहे आणि या टॅबमध्ये कुणाचंतरी बँक खातं. मध्ये भिंत आहे, आणि ती रॅम खर्चून बांधलेली आहे. मला विचाराल तर हा खर्च शंभर टक्के योग्य आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. पान चालू असताना जावास्क्रिप्ट क्षणोक्षणी नव्या वस्तू तयार करतं: एखादी यादी, एखादा संदेश, एखादा आकडा. काम झालं की त्या नकोशा होतात. पण नकोशा झाल्या हे कळतं कसं? ब्राउझर अधूनमधून मुळापासून निघतो आणि एका वस्तूवरून दुसरीकडे जाणारे सगळे धागे पकडत जातो. ज्या वस्तूपर्यंत कुठलाच धागा पोचत नाही, ती कचरा. ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी काढली होती, ब्राउझर जन्मायच्या तीस वर्षं आधी! अडचण येते ती पान लिहिणाऱ्यानं एखादा धागा विसरून तसाच ठेवला की. मग कचरा कचरा ठरत नाही, साचत जातो. सकाळी उघडलेला टॅब संध्याकाळी फुगलेला दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आता लॅपटॉप अडखळतो तो नेमका कधी? रॅम वापरली जाते तेव्हा नाही. रॅम भरलेली असणं चांगलंच, रिकामी पडलेली रॅम काय कामाची? अडखळतो ती संपल्यावर. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम रॅममधला काही भाग डिस्कवर हलवते आणि लागला की परत आणते. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकानं ही युक्ती १९६२ मध्येच करून दाखवली होती. आलापल्लीच्या लाकूड डेपोवरून हे चटकन कळेल. डेपोत सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्याच्या थप्प्या असतात, पण करवतीपुढे जागा मोजकीच. एक ओंडका डेपोत परत नेला की दुसरा आणता येतो. पण दर मिनिटाला वेगळाच ओंडका हवा असेल तर? माणसं दिवसभर वाहतच राहतील आणि करवत थांबलेली असेल. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली संगणकांची हीच अवस्था उलगडून दाखवली होती.

आणि हे वाहणं किती महाग! रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. एक लाख पट फरक. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं तर हार्ड डिस्कला सत्तावीस तासांहून जास्त. एसएसडी हेच काम रॅमच्या साधारण हजारपट वेळात उरकते, त्याच मापानं सतरा मिनिटांत. म्हणूनच जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो नव्यासारखा पळतो. पैसे थोडेच असतील तर आधी तिथं घाला, जमलं तर रॅमची एक पट्टी वाढवा. ‘रॅम क्लीनर’ नावाचे प्रोग्रॅम मात्र लांब ठेवा. त्यांतले बरेचसे रॅममधला ऐवज डिस्कवर ढकलून आकडा तेवढा छान दाखवतात, आणि पुढच्या क्लिकला तोच ऐवज परत वाहून आणावा लागतो.

ब्राउझरनंही यावर तोड काढली आहे: न वापरलेले टॅब झोपवायचे. क्रोमचा ‘मेमरी सेव्हर’ डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला, त्यानं मेमरी ३० टक्क्यांपर्यंत कमी लागते असा गूगलचा दावा होता. विंडोजवर रॅम संपत आली की फायरफॉक्स २०२१ पासून हेच आपणहून करतो. झोपलेल्या टॅबचं नाव वर दिसत राहतं, आतलं पान मात्र रॅममधून गेलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की पान पुन्हा इंटरनेटवरून येतं.

इंटरनेटवरून! भामरागडच्या रस्त्याला रेंज जाते-येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली मेख लगेच कळेल. पुण्यात झोपलेला टॅब क्षणात उठतो, इथं तो गोल गोल फिरत राहू शकतो. क्रोम अर्धवट भरलेला फॉर्म, चालू डाउनलोड आणि पिन केलेला टॅब झोपवत नाही, एवढी काळजी तो घेतो. तरी सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन, कायम जागं ठेवायच्या साइट्सच्या यादीत कामाची पोर्टल्स टाकून ठेवावीत. बाकीच्यांना खुशाल झोपू द्या. त्याच सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’मध्ये, क्रोम बंद केल्यावरही मागं अ‍ॅप चालू ठेवणारं बटण असतं, ते बंद करा. कधीकाळी हौसेनं घातलेली एक्स्टेन्शन्सही काढून टाका, तीसुद्धा रॅममध्ये आपापली जागा अडवतात.

उन्हाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो, आणि त्याचा दोष उगाच ब्राउझरच्या माथी बसतो. पंख्याच्या जाळीतली धूळ साफ करून घ्या.

आणि पुढच्या वेळी बाण अडकला तर सगळं बंद करू नका. क्रोममध्ये शिफ्ट दाबून एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. ‘मेमरी’ या शब्दावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा आणि यादीत सगळ्यांत वर जो टॅब दिसेल तेवढा बंद करा. बऱ्याचदा खादाड तो एकटाच निघतो.