बहुपर्यायी प्रश्न आणि मुठीतल्या कवड्या

बाराव्या शतकातल्या श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात एक साधं उदाहरण दिलं आहे. एकाने मुठीत कवड्या लपवल्या आणि विचारलं, किती? समोरच्याने अंदाजाने सांगितलं, पाच. मूठ उघडली, तर खरोखरच पाच! उत्तर बरोबर आलं. पण त्याला ते माहीत होतं, असं आपण म्हणू का?

शाळेतल्या बहुपर्यायी प्रश्नांपुढे नेमका हाच पेच आहे.

आधी या पद्धतीचे गुण पाहू. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरात ७५ प्रश्न असतात. पाच-सहा दीर्घ उत्तरांतून अभ्यासक्रमाचा एवढा भाग कधीच तपासून होत नाही. दुसरं, आम्ही वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. मन थकलं की सुंदर अक्षराला नकळत एखादा गुण जास्त पडतो, हे आम्ही कबूल करतो. इथे ती सोय नाही. तिसरं, चुकीचा पर्यायही बोलतो. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? ‘दोन पंचमांश’ निवडणाऱ्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, हे शिक्षकाला तिथल्या तिथे कळतं.

आता दोष. चार पर्याय असले, की काहीही न वाचता शंभरातली सरासरी पंचवीस उत्तरं बरोबर येतात. उणे गुण ठेवले की हे थांबेल, असं आपल्याला वाटतं. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १. डोळे मिटून चार प्रश्न सोडवले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक. म्हणजे ४ वजा ३, तरी १ गुण पदरात!

आम्ही एकदा एका विद्यार्थ्याला विचारलं, “हाच पर्याय का निवडलास?” तो म्हणाला, “सर, तो सगळ्यात लांब होता.” उत्तर बरोबर होतं, बरं का! पूर्ण गुण मिळाले. आम्ही विचारलं नसतं, तर त्याला तो विषय येत नाही हे त्यालाही कळलं नसतं. खरं नुकसान हे आहे.

मग ही पद्धत टाकून द्यायची का? मुळीच नाही. शाळेतल्या चाचणीत दहांपैकी दोन-तीन प्रश्नांखाली दोन ओळी मोकळ्या सोडा आणि विचारा, ‘हाच पर्याय का?’ तपासायला वेळ लागेल, हे खरं. पण कवड्या पाच निघाल्या एवढ्यावर परीक्षा संपत नाही. त्या पाचच आहेत हे मुलाला कशावरून कळलं, ते विचारणं हेच तर शिकवणं.