व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्याला आधार कोणाचा?

कोल्हारहून प्रवरेच्या काठाने वर अकोल्याकडे गेलं की महादेव कोळी, ठाकर वाड्या लागतात. अशा वाडीवर दारू सोडवण्याचं काम करणारा कार्यकर्ता बहुधा त्याच समाजातला असतो. पिणारा त्याचा चुलता, विकणारा मावसभाऊ. मग मन मोकळं करावं कोणापाशी? सुटलेला माणूस पुन्हा पिऊ लागला की गाव त्यालाच विचारतं, "काय उपयोग झाला?"

आम्हाला वाटतं, नव्या शिबिरांआधी या कार्यकर्त्यांचं जाळं हवं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या आदिवासी कार्यकर्त्यांनी ते बांधलंय. आपल्याकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. तरी २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू करावं लागलं. कायदा एकटा पुरत नाही, माणसं लागतात. तिथे तालुक्या-तालुक्यात कार्यकर्त्यांचे गट आहेत. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून उपचार करतं, कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देतं.

विहारात पाचव्या शीलावर प्रवचनं होतात, व्हावीतच. पण महिन्यातला एक दिवस तोच विहार तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना बसायला द्या, जातजमात न बघता. रुग्णाचं नाव न घेता अडचण मांडायची. अवघड रुग्ण कुठे पाठवायचा, ते तिथेच ठरवायचं. राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.