संग्राहकाचं भिंग (भाग ७) : लष्करी बटणाचं वय

गेल्या आठवड्यात आपण पदकं पाहिली. ब्रिटिश पदकाच्या कडेवर बहुधा शिपायाचं नाव कोरलेलं असतं. बटणावर ते नसतं. त्यामुळे जुन्या बाजारात सापडलेल्या लष्करी बटणाचं वय खुणांवरूनच काढावं लागतं. एक खूण सांगते ‘याच्या आधीचं नाही’, दुसरी सांगते ‘याच्या नंतरचं नाही’. दोन्हीकडून हद्द आवळत न्यायची.

पहिली खूण मुकुटाची. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी सहसा मध्यभागी दबलेल्या असतात. १९०१ साली सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतर गोलसर, वर उचललेल्या कमानींचा मुकुट आला आणि १९५२ पर्यंत टिकला. एलिझाबेथच्या राज्यात पुन्हा दबक्या कमानी आल्या. मग व्हिक्टोरियाचं बटण वेगळं कसं ओळखायचं? इथे धातू मदतीला येतो. हलकं, न काळवंडणारं अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम असेल, तर ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

दुसरी खूण आकड्याची. १७६७ च्या हुकमाने ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक आला. साध्या शिपायांची बटणं १८५५ पर्यंत प्यूटरची (कथलाच्या मिश्रधातूची), नंतर पितळी. १८७१ मध्ये बहुतेक शिपायांना राजचिन्हाचं एकच सरसकट बटण मिळालं. अधिकाऱ्यांची पलटणवार बटणं मात्र चालू राहिली. म्हणून १८७१ नंतरचं, सोन्याचा मुलामा दिलेलं पलटणीचं बटण दिसलं, तर ते अधिकाऱ्याचं असण्याचा संभव जास्त.

हिंदुस्थानी फौजेचे आकडे वेगळे. सरसेनापती किचनेरने १९०३ मध्ये पलटणींना नव्याने क्रमांक दिले, तेव्हा ‘१०५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ हे नाव आलं. १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन झाली. समजा, बटणावर बिगुल, १०५ हा आकडा आणि गोलसर कमानींचा मुकुट आहे. मुकुट फक्त १९०१ ते १९५२ एवढंच सांगतो. आकडा ती मुदत १९०३ ते १९२२ वर आणतो.

आता बटण उलटा. पाठीवर फर्मिन, जेनेन्स, गाँट अशी कारखानदारांची नावं असतात. नुसत्या नावावर भुलू नका. फर्मिनसारख्या पेढीने अनेक पिढ्या बटणं पाडली आहेत. नावापुढे ‘लिमिटेड’ असेल, तर बटण १८५५ च्या आधीचं नाही, कारण ब्रिटनमध्ये तो शब्द कंपन्यांच्या नावात त्या वर्षीच्या कायद्याने आला. पुढची बाजू १८४० ची म्हणत असेल आणि पाठीवर ‘लिमिटेड’ असेल, तर बटण नक्कल समजा.

एक विनंती. बटण चिंचेने किंवा पितळ घासायच्या पावडरीने चकचकीत करू नका. मुलामा एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर किंमतही जाते. मऊ, कोरडा ब्रश पुरे.

पुढील आठवड्यात : टोपीवरचे बिल्ले.