विद्युद्घटाची नाडीपरीक्षा

अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर बेस्टच्या विजेच्या बसगाड्या धावतात, त्या लिथियम-आयन बॅटरीच्या बळावर. बॅटरी थकली, तर दोष धनाग्राचा की ऋणाग्राचा? वैद्य नाडी पाहतो, तद्वत् शास्त्रज्ञ तीस काही मिलिव्होल्टांचा, दिशा पालटणारा दाब देतो आणि कंपनसंख्या उतरवीत प्रवाहास होणारा अडथळा, म्हणजेच इम्पिडन्स, मोजतो. आलेखाच्या आरंभी मुख्यतः द्रावणाचा विरोध, पुढील अर्धवर्तुळात अग्राच्या पृष्ठभागावरील क्रियेचा आणि शेवटच्या तिरप्या रेषेत आयनांच्या मंद संचाराचा अडथळा दिसतो. परंतु दोन्ही अग्रांची अर्धवर्तुळे बहुधा एकमेकांत मिसळतात. तेवढ्यावरून ऋणाग्रास दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळी देणे होय. प्रयोगशाळेत तुलनेसाठी तिसरे अग्र बसविलेला घट घ्यावा, प्रत्येकाचे मापन निराळे करावे आणि मगच निवाडा द्यावा.